वारा नसतानाचा दोर

थिमारी बेटावर बोट लागते ती लिनार्दोसमुळे, असं लिनार्दोसचं मत होतं. बाकीच्यांचं मत वेगळं असेलही, पण ते कुणी बोलून दाखवलं नव्हतं, आणि मनात ठेवलेल्या मतांना धक्क्यावर कुणी विचारत नाही.

आठवड्यातून तीनदा ‘एव्दोकिया’ बोट भोंगा वाजवत भूशिराला वळसा घालायची. भोंगा झाला की बेट अंग झाडून उठे. मांथोस आपल्या कॉफीच्या दुकानातली शेगडी पेटवी, म्हातारी कालिरोई चीजच्या टोपलीवर फडकं बांधी, आणि लिनार्दोस खिशातून चामड्याचे हातमोजे काढी. आधी डावा, मग उजवा, मग दोन्ही हात एकमेकांवर एकदा आपटायचे. त्या वेळी त्याचा चेहरा ऑपरेशनला निघालेल्या डॉक्टरासारखा असे. वाटेत कुणी बोललं तर उत्तर मिळत नसे, उगाच का बोललास अशी एक नजर मिळे.

मग तो धक्क्याच्या टोकाला, गुडघ्याएवढ्या लोखंडी खुंट्याशेजारी उभा राही. बोट नांगर टाकून पाठमोरी मागं सरकत येई, तिचा मागचा दरवाजा साखळ्यांवरून उतरत उतरत रॅम्प होई, आणि वरून खलाशी स्त्रातिस वजन बांधलेली एक बारीक दोरी भिरकावी. लिनार्दोस ती हवेतच झेली. ती ओढली की तिच्यामागून मनगटाएवढा जाड दोर पाण्यातून निथळत येई. त्याच्या टोकाचा फास खुंट्यावर टाकायचा आणि उजवा हात वर करायचा. हात वर झाला की बोट लागली. रॅम्पवरून दोन ट्रक उतरून गेले असले तरी त्याआधी ती लागलेली नसे.

निदान कालिरोईच्या लेखी तरी नसे. ‘किरा कालिरोई’ म्हणून सगळं बेट तिला मान देई, आणि ती दर खेपेला शेजारच्या बेटावर चीज विकायला जाई. गुडघे गेलेले, बोटीवर विश्वास नाही, समुद्रावर तर नाहीच, कारण नवरा त्यानंच नेला होता. लिनार्दोसचा हात वर झालेला दिसल्याशिवाय ती रॅम्पवर पाऊल ठेवत नसे. मागं माणसं खोळंबली तरी नाही.

लिनार्दोसचा बापही बोटीचाच माणूस. तेव्हा धक्का नव्हता. जहाज बाहेर खोल पाण्यात थांबे आणि बाप आपल्या वल्ह्याच्या होडीतून माणसं, शेळ्या, गाद्या, एकदा तर नवरीसकट सगळं वऱ्हाड ने-आण करी. मग धक्का झाला, जहाज थेट आत यायला लागलं, आणि तरीही बाप होडी घेऊन पुढं जातच राहिला. रिकामी होडी. जहाजाभोवती एक चक्कर मारायची, वरून खलाशी टपालाची पिशवी दोरीनं खाली सोडायचा, ती घेऊन बाप धक्क्यावर यायचा. तीच पिशवी खलाशाला चार पावलांवर पोस्टमनच्या हातात देता आली असती. लोक हसायचे. लिनार्दोस तेव्हा विशीतला होता आणि त्याला शरमेनं धक्क्यावर उभं राहवत नसे. त्यानं धक्क्यावरचं दोराचं काम मागून घेतलं त्यात हेही एक कारण होतं. खरंखुरं, लोकांच्या गरजेचं काम.

त्याला तीसएक वर्षं झाली. इतक्या वर्षांत लिनार्दोस स्वतः बोटीनं कुठं गेला नव्हता. जाणार कसा? फास काढल्याशिवाय बोट सुटत नाही, आणि फास काढणारा बोटीवर असेल तर तो काढणार कोण? अपेंडिक्स फुटलं तेव्हा त्याला हेलिकॉप्टरनं नेलं आणि हेलिकॉप्टरनंच परत आणलं. त्या आठवड्यात वारा असा सुटला होता की बोटच आली नाही. त्यामुळं आपल्याशिवाय बोट लागते की नाही हे पाहायची वेळच त्याच्यावर आली नव्हती.

ती मुलीनं आणली. फ्लोरा सिरोस बेटावर दिलेली. तिच्या पहिल्या मुलाच्या बाप्तिस्म्याला लिनार्दोस गेला नाही. आता दुसरा मुलगा झाला होता. पहिल्याला नाव बापाच्या बापाचं, दुसऱ्याला आईच्या बापाचं, हे बेटांवरचं ठरलेलं आहे. तिनं फोन केला.

“बाबा, मागच्या वेळी तू दोराचं कारण सांगितलंस.”

“कारण नव्हतं ते. दोर होता.”

“या वेळी नाव तुझं लागणार आहे. तू समोर नसलास तर धर्मपित्याला सांगेन, सासऱ्यांच्या भावाचं लाव.”

“त्याचं नाव काय?”

“पोलिकार्पोस.”

लिनार्दोसनं फोन खाली ठेवला आणि बायकोला म्हणाला, “जावं लागणार.”

मोस्खुला वांगी चिरत होती. “मी बॅग कालच भरली,” ती म्हणाली.

प्रश्न राहिला दोराचा. पोस्टमनची पाठ दुखते, पाद्र्याचा झगा पायात येतो, आणि कोळी त्या वेळेला समुद्रात. उरला मांथोस. मांथोस हा मोस्खुलाचा धाकटा भाऊ. धक्क्याला लागूनच त्याचं दुकान, आणि बसल्या जागेवरून गिऱ्हाइकाला कॉफी देता यावी म्हणून त्यानं सगळी टेबलं जवळ ओढून घेतलेली. मेहुण्याबद्दल लिनार्दोसला प्रेम होतं, भरवसा नव्हता. पण इलाज नव्हता.

दुकानातच शिकवणी सुरू झाली. कपडे वाळत घालायची दोरी हा दोर, आणि उलटी ठेवलेली बादली हा खुंटा.

“दोरीकडं बघायचं नाही, वजनाकडं बघायचं,” लिनार्दोस म्हणाला. “ते तोंडावर आलं तर दात जातील.”

“दात तसेही दोनच चांगले आहेत माझे.” मांथोस खुर्चीतून उठला नव्हता. “पण लिनार्दोस, हवामान तर चांगलं आहे. आठवडाभर वारा नाही म्हणतात.”

“मग?”

“मग दोर कशाला...”

टेबलाखाली काहीतरी आपटलं. मोस्खुलाच्या पायातला बूट तो, आणि आपटला होता मांथोसच्या नडगीवर. मांथोसनं ओठ आवळले. “दोर कशाला म्हणजे,” तो सावकाश म्हणाला, “कशाला चिंता करतोस, दोर मी घेईन.”

“उठून दाखव,” लिनार्दोस म्हणाला.

मांथोस उठला. त्यानं दोरी पकडली, फास टाकला, बादली लवंडली. लिनार्दोसनं ती सरळ केली. हे बराच वेळ चाललं. शेवटी गिऱ्हाइकांनीच हात वर करायला सुरुवात केली, बोट लागली तर कॉफी तरी मिळेल म्हणून.

निघायच्या दिवशी समुद्र तेलासारखा पसरला होता. लिनार्दोस लग्नातला कोट घालून, बॅग घेऊन धक्क्यावर आला, बॅग बायकोकडं दिली आणि कोटावरच हातमोजे चढवले. दोर त्यानंच घेतला. मग मोजे काढून, वाईट वाटत असल्यासारखे, मांथोसच्या हातात दिले.

“डावा आधी.”

“डावा आधी,” मांथोस म्हणाला.

बोट सुटली तेव्हा लिनार्दोस मागच्या कठड्याला उभा होता. त्यानं आजवर पाहिलेली बोट नेहमी लांब जाणारी असायची. आज धक्काच लांब जात होता. खुंटा लहान होत होत करवंदाएवढा झाला, आणि त्याच्याशेजारी मांथोस अजून हात वर करून उभा होता. सुटताना हात वर करायचा नसतो, हे शिकवायचं राहून गेलं होतं.

लिनार्दोस आत गेला नाही. पुढचं बेट पेत्रा. तिथं दोर घेणारा व्रेतोस नावाचा माणूस आहे हे तो वर्षानुवर्षं ऐकून होता, आणि हातानं काम करणाऱ्यांना एकमेकांचा हात बघायची ओढ असते. पेत्राचा धक्का जवळ आला. रॅम्प उतरला. एक टेम्पो उतरला, पाच-सहा माणसं चढली, कुणीतरी झाडूंचा एक भारा वर फेकला. रॅम्प उचलला. बोट निघाली. खुंट्याजवळ चिटपाखरू नव्हतं, आणि दोर जागचा हलला नव्हता.

“आजारी असेल,” लिनार्दोस स्वतःशी म्हणाला.

त्याच्या पुढच्या बेटावर खुंटा होता आणि खुंट्याचा माणूसही होता. तो खुंट्यावर बसून सूर्यफुलाच्या बिया खात होता. देवळात कुणी वेदीवर पाय ठेवून बसावं तसं ते लिनार्दोसला दिसलं. बोट मागं आली, रॅम्प खाली आला. त्या माणसानं हातातलं टरफल उडवलं आणि एका ओळखीच्या ड्रायव्हरला मान हलवली. बस. बोट इंजिनाच्या जोरावर जागीच थरथरत उभी राहिली. रॅम्पचं टोक धक्क्यावर वीतभर पुढं, वीतभर मागं घासत होतं. एक म्हातारी त्या टोकापाशी येऊन थबकली. पुढं पाय टाकावा तर लोखंड सरकतंय. स्त्रातिसनं खाली जाऊन तिला काखेत धरलं आणि पिठाचं पोतं चढवावं तशी आत चढवली.

“स्त्रातिस,” तो वर आल्यावर लिनार्दोसनं हाक मारली.

“बोला बार्बा.” थोरल्या माणसाला तिकडं बार्बा म्हणतात.

“तो खुंट्यावर बसलाय.”

“हं. पाय दुखत असतील.”

“मग दोर कोण घेणार?”

“वारा कुठंय बार्बा,” स्त्रातिस म्हणाला, आणि म्हणाल्याक्षणी त्याचा चेहरा गरम कढईला हात लागल्यासारखा झाला. तो घाईघाईनं पुढं बोलला, “म्हणजे इथं पाणी खोल आहे. आणि हल्ली या बोटीला बाजूला ढकलणारे पंखे आहेत, त्यामुळं इथल्यासारख्या धक्क्यांना... तुमचा धक्का अवघड.”

“माझा?”

“खाली खडक आहेत ना.”

“खडक.”

“आणि प्रवाह.” स्त्रातिस कठड्यावरचा नसलेला डाग पुसायला लागला. “कॅप्टन नेहमी म्हणतात, थिमारीला जपून.”

थिमारीच्या धक्क्याखाली लिनार्दोस लहानपणापासून बुडी मारून ऑक्टोपस काढत आला होता. खाली वाळू होती. प्रवाह म्हणाल तर मोस्खुला दर उन्हाळ्यात तिथं गालिचे धुवायची आणि हातातून सुटलेला गालिचा जिथल्या तिथं तरंगत राहायचा. या सबंध समुद्रात थिमारीएवढा सोपा धक्का दुसरा नसेल.

तिसऱ्या बेटावरही दोर पडला नाही. तोवर तो मोजायचा थांबला होता. तो बायकोजवळ जाऊन बसला. मोस्खुला संत्रं सोलत होती.

“तुला माहीत होतं?” त्यानं विचारलं.

“काय?”

“काही नाही.”

तिनं त्याच्या हातावर एक फोड ठेवली. ती त्यानं खाल्ली नाही, बराच वेळ तशीच धरून बसला. त्याच्या डोळ्यांपुढं बापाची होडी होती. जहाजाभोवतीची ती चक्कर. दोरीवरून हळूहळू खाली येणारी टपालाची पिशवी. बापाला कळत होतं का? इतकी वर्षं त्याला वाटत होतं की बापाला कळत नव्हतं, आणि त्याचा राग होता तो त्या न कळण्याचाच. आता त्याला पहिल्यांदा वरच्या खलाशाचा चेहरा आठवायचा होता आणि तो काही केल्या आठवेना. कुणीतरी होता तो. कामाच्या घाईत, भर दुपारच्या उन्हात, एका म्हाताऱ्यासाठी पिशवीला दोरी बांधत बसणारा.

सिरोसला बाप्तिस्मा थाटात झाला. पाद्र्यानं तेलानं माखलेलं बाळ तीनदा पाण्यात बुडवलं, बाळानं देऊळ डोक्यावर घेतलं, धर्मपित्यानं खणखणीत आवाजात ‘लिनार्दोस’ असं नाव सांगितलं, आणि मोस्खुला रडली. लिनार्दोसला रडू आलं नाही. आपलं नाव आता दुसऱ्या कुणाकडं तरी सुखरूप पोचलं, एवढंच त्याला वाटलं. जेवणाच्या वेळी कुणीतरी बाळ त्याच्या मांडीवर दिलं. बाळानं त्याचं बोट मुठीत धरलं.

“पकड कशी आहे, बाबा?” फ्लोरानं विचारलं.

“बरी आहे. सोडायची घाई करत नाही.”

फ्लोरानं त्याच्याकडं नीट पाहिलं. “काय झालंय तुला? बोट लागली ना तुझ्याशिवाय?”

“बघू,” तो म्हणाला. “मांथोस आहे तिथं.”

परतीच्या प्रवासात त्यानं ठरवलं. उतरल्या उतरल्या मोजे मांथोसला देऊन टाकायचे. देऊन तरी का, समुद्रातच टाकायचे. रिकामी होडी वल्हवणारा एक माणूस घराण्यात पुरे झाला. कुणावर ओरडायचं नाही, चिडायचं नाही. सरळ जाऊन दुकानात बसायचं आणि बोटीकडं पाठ करून कॉफी प्यायची.

थिमारीचं भूशीर आलं. भोंगा झाला. वारा नव्हताच. लिनार्दोस मागच्या कठड्याला आला तेव्हा स्त्रातिस खाली निवांत उभा राहून कुणाशी गप्पा मारत होता. त्याची नजर वर गेली, लिनार्दोस दिसला, आणि तो तीरासारखा दोराकडं धावला. धक्क्यावरही तसंच काहीसं झालं. मांथोस दुकानातून पळत बाहेर आला, पळता पळता मोजे चढवत होता, आणि डावा उजव्यात गेला होता. तो खुंट्याजवळ पोचला आणि छाती काढून उभा राहिला. पोस्टमन त्याच्या मागं, पाद्रीही झगा वर धरून आला. सगळ्यांचे चेहरे असे गंभीर की कुणी मेलंय असं वाटावं.

स्त्रातिसनं दोरी टाकली. मांथोसनं वजनाकडं पाहिलं, शिकवल्याप्रमाणं, आणि ते चुकवायला खाली बसला. दोरी त्याच्या डोक्यावरून जाऊन दुकानाच्या पहिल्या टेबलावर पडली, एक पेला फुटला. मांथोस, पोस्टमन आणि पाद्री तिघांनी ती मिळून ओढली. जाड दोर आला, मांथोसच्या पँटवर सगळं पाणी सांडवून, आणि फास तिसऱ्या खेपेला खुंट्यावर बसला. मांथोसनं हात वर केला. मग कमी पडायला नको म्हणून दुसराही केला.

लिनार्दोस वरून पाहत होता. इतकी वर्षं तो या नाटकात मधोमध उभा होता आणि त्याला ते बाजूनं कधी दिसलं नव्हतं. त्याला वाटलं होतं राग येईल. आला नाही. पाद्र्याच्या दाढीतून पाणी गळत होतं.

पण एक माणूस त्या नाटकात नव्हता. किरा कालिरोई टोपली घेऊन रॅम्पपाशी उभी होती आणि मांथोसच्या दोन वर केलेल्या हातांकडं संशयानं बघत होती. मागची माणसं म्हणाली, चला किरा, लागली बोट. ती हलली नाही.

“हात याचे आहेत,” ती म्हणाली. “मला नाही वाटत लागली.”

“अहो, दोर आहे की.”

“मागच्या खेपांना नव्हता. म्हणून मी गेलेच नाही. दोन खेपांचं चीज घरात आंबतंय माझं.”

मांथोसचे दोन्ही हात खाली आले. लिनार्दोस बॅग घेऊन रॅम्पवरून उतरला. खुंट्यापाशी जाऊन त्यानं फास पायानं दाबून पाहिला, थोडा फिरवून नीट बसवला. मोजे नव्हते. त्यानं नुसताच उजवा हात वर केला.

कालिरोई चढली. एकेक पाऊल टाकत, टोपली पोटाशी धरून. रॅम्प तसूभर हलला नाही.

“काय दिवस गेले माझे,” मांथोस त्याच्याजवळ येऊन म्हणाला आणि पट्टी बांधलेला हात दाखवला. “हात सोलवटून निघाले. तू कसं करतोस हे, देव जाणे.”

लिनार्दोसनं पट्टीकडं पाहिलं. ती स्वच्छ आणि कोरडी होती, आणि मघाशी मोज्याच्या आत होती असं काही दिसत नव्हतं.

“जड होता दोर?” त्यानं विचारलं.

“जड म्हणजे? बैल ओढावा तसा.”

“हं. आण ते मोजे. दुखत असेल तुला.”

मांथोसनं मोजे दिले. लिनार्दोसनं ते पिळले, पाणी काढलं आणि खिशात ठेवले. समुद्रात टाकायचे होते ते घरी दोरीवर वाळत पडले, आणि मोस्खुलानं ते उलटसुलट करून ठेवले.

पुढच्या खेपेलाही वारा नव्हता. भोंगा झाला. डावा, उजवा, एक टाळी. स्त्रातिसनं बारीक दोरी भिरकावली, लिनार्दोसनं ती हवेत झेलली, पण ओढली नाही. तिलाच खुंट्याभोवती दोन वळसे दिले, टोक मुठीत धरलं आणि उजवा हात वर केला. वर स्त्रातिसच्या हातात जाड दोराचा फास तसाच राहिला.

“बार्बा, हा?”

“तो राहू दे,” लिनार्दोस म्हणाला. “वारा असेल तेव्हा टाक. माझी पाठ काही तुझ्या बापाची नाही.”

मांथोस ट्रे हातात घेऊन दुकानाच्या दारात थांबला. स्त्रातिस वरून बघत होता, आणि त्याला काय चेहरा करावा ते सुचत नव्हतं.

“कधी कळलं?” शेवटी तो हळूच म्हणाला.

“काय कळलं?” लिनार्दोस म्हणाला. “खाली खडक आहेत ते? मला पहिल्यापासून माहीत आहे. या, किरा कालिरोई.”

म्हातारीनं खुंट्यावरच्या त्या बारीक दोरीकडं अगदी जवळ जाऊन पाहिलं.

“ही धरेल?”

“मी धरलीय.”

ती आणखी क्षणभर उभी राहिली. मग तिनं टोपली सावरली आणि रॅम्पवर पाय ठेवला.